दवाखान्यात हात लावण्याआधी तुम्हाला कोणी विचारलं होतं का? (अनुभव धागा)

अमळनेरची लेक

माझी भाची यंदा जीएनएमच्या (नर्सिंगचा कोर्स) पहिल्या वर्षाला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते, तर ही बीपीचं यंत्र घेऊन सगळ्या घराच्या मागे लागलेली. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आत्या, मी तुमचा बीपी बघणारे. पट्टा आवळल्यासारखा वाटेल, दुखणार नाही. बघू का?" मी हात पुढे केला तरी ही थांबूनच. म्हणे, "तुम्ही हो म्हणा ना. त्याशिवाय हात लावायचा नाही असं मॅडमनी सांगितलंय."

हो म्हटलं आणि एकदम आई आठवली.

2009 साल. ओट्यावरून पाय घसरून आईचा खुबा मोडला. जळगावला एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. सहा खाटांची खोली, मधे पडदा नाही. भेटायची वेळ चालू होती. समोरच्या खाटेवरच्या बाबांचे दोन मुलगे उभे, आमचे दाजी उभे. सिस्टर आल्या, एक शब्द न बोलता चादर ओढली, लुगडं वर केलं आणि लघवीची नळी घालायला घेतली. मी "अहो थांबा" म्हणेपर्यंत झालंसुद्धा. आई ओरडली नाही. तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि भिंतीकडे मान वळवली. सासऱ्यासमोर आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही अशी बाई. दोन दिवस जेवली नाही. आम्ही आपले समजलो भुलेमुळे असेल.

तिसऱ्या रात्री दुसऱ्या सिस्टर होत्या. वयाने लहानच, धुळ्याकडच्या. आईचं अंग पुसायचं होतं. त्यांनी आधी पुरुषमाणसांना बाहेर जायला सांगितलं. मग दोन चादरी आणल्या, एक सलाईनच्या स्टँडला आणि एक खिडकीच्या गजाला बांधली. आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अक्का, आते मी तुना पाय उचलसू. दुखनं ते लगेच सांग, मी थांबी जासू." आईने तोंडावरचा पदर काढला आणि विचारलं, "तू कोनी शे व माय?"

त्या रात्री आईने अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. पुढे जगली तेवढी वर्षं अधूनमधून विचारायची, "तिनं लगीन व्हयनं का व?" मला काय माहीत असणार!

सगळ्यांनी लिहा. चांगलं आणि वाईट दोन्ही. तक्रार असेल तर दवाखान्याचं आणि माणसाचं नाव नको, भांडण नको आपल्याला. चांगलं असेल तर मात्र हात आखडू नका.

कळण्याची भाकरी

ताई तुमचं वाचून अंगावर काटा आला. तव्यावर भाकरी आहे, पटकन लिहिते.

पहिलं बाळंतपण. कळा सुरू झाल्या, मी ओरडले, तर मांडीवर फटका बसला. आणि ते वाक्य. बायांनो तुम्हाला माहितीच आहे कोणतं, इथे लिहायची माझी इच्छा नाही. आत माझं कोणी नव्हतं, आईला बाहेर बाकावर बसवलेलं. मुलगा झाला तर सगळे पेढे मागायला हजर. मी तो फटका कोणाला सांगितला नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

कळण्याची भाकरी

दुसरं बाळंतपण राहिलंच सांगायचं. 2019, सरकारीत. मी घाबरूनच गेले होते. सिस्टर म्हणाल्या, सोबत एक बाई आत थांबू शकते, फक्त तिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं पाहिजे आणि तिला काही साथीचा आजार नको. माझी नणंद उभी होती पण तिचं लग्न व्हायचं होतं, म्हणून जाऊबाई आल्या. जाऊबाईंशी माझं तेव्हा बोलणं नव्हतं, वाटणीवरून. त्या पाच तास माझी कंबर चोळत होत्या. दर तपासणीला सिस्टर सांगायच्या, "आता हात लावते, श्वास सोड." मुलगी झाली तेव्हा आधी जाऊबाई रडल्या. आता आमच्या घरात कोणी वाटणीचा विषय काढत नाही.

तापीकाठ

हे लक्ष्य कार्यक्रमातलं आहे ना? 2017 च्या डिसेंबरात केंद्राने सुरू केला, लेबर रूम सुधारण्याचा. आमच्या आशाताईंनी सांगितलं होतं. बाईला सन्मानाने वागवायचं, ओरडायचं नाही, मारायचं नाही, सोबत माणूस ठेवू द्यायचा, हे त्यात लिहूनच दिलंय.

कळण्याची भाकरी

नाव माहीत नव्हतं. भिंतीवर चित्रं होती आणि टेबलांच्या मधे हिरवे पडदे होते एवढं आठवतं.

तात्या एरंडोल

चांगले अनुभव लाखात एक. माझ्या वडिलांना चार वेळा टोचलं, शीर सापडेना, वर सिस्टर म्हणते "हात का हलवता". 78 वर्षांचा म्हातारा, हात थरथरतो त्याला तो काय करणार? सगळ्या उर्मट असतात. पगार घेतात आणि मोबाइल बघत बसतात.

भुसावळ जंक्शन

तात्या, सगळ्या नका म्हणू. माझी बायको याच पेशात आहे.

रात्रपाळी

तात्या, नमस्कार. मी अधिपरिचारिका आहे, सरकारी नोकरी, 17 वर्षं झाली. गाव सांगत नाही. तुमच्या वडिलांना चार वेळा टोचलं हे चुकलंच. दोनदा जमलं नाही की दुसऱ्या हाताला बोलवायचं असतं, आणि त्याआधी म्हाताऱ्या माणसाचा हात कोमट पाण्याच्या फडक्यात पाच मिनिटं गुंडाळून ठेवला तर शीर वर येते. त्यांना तसं बोलायला नको होतं.

पण आमचंही ऐका. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 नर्स, साध्या रुग्णालयात 5 मागे 1. माझ्या वॉर्डात काल रात्री 46 पेशंट होते, 9 जमिनीवर गादी टाकून. आम्ही दोघी. त्यातल्या एकीला दोनदा ऑपरेशन थिएटरला जावं लागलं. सहा वाजताची इंजेक्शनं साडेचारला सुरू केली तेव्हा कुठे सातला संपतात. त्यात प्रत्येकाला "मी आता हे करतेय" सांगायला अर्धं मिनिट लागतं. 46 अर्धी मिनिटं. हे मी सबब म्हणून सांगत नाही, कारण ते अर्धं मिनिट मी देते. पण ते कुठून काढते ते मला माहीत. पाणी प्यायचं राहून जातं, बाथरूमला जायचं राहून जातं.

आणि एक सांगायचंय. बरीच वर्षं मनात आहे.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. रक्ताचे रिपोर्ट आले. मी टेबलावरून 14 नंबरच्या खाटेकडे बघून मोठ्याने विचारलं, "एचआयव्ही पॉझिटिव्ह कोण आहे, 14 का?" एवढंच. केसपेपरवर चिकटवायचा होता म्हणून विचारलं, माझ्या मनात काही नव्हतं. वॉर्ड एकदम शांत झाला. 14 नंबरवर तिशीचा माणूस होता, ट्रॅक्टर चालवायचा. त्याचा साला शेजारी उभा होता. 15 नंबरवाल्यांनी त्यांची पाण्याची बाटली उचलून पलीकडे ठेवली, ते मी बघितलं. रात्री राउंडला गेले तर खाट रिकामी. सलाईनची सुई काढून उशीवर ठेवलेली, कापसाचा बोळा व्यवस्थित घडी करून बाजूला. परत आला नाही. त्याची बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती, आणि वेळेत औषध सुरू झालं तर बाळाला वाचवता येतं, हे मला शिकवलेलं होतं.

आता 2017 चा एचआयव्हीचा कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरपासून लागू झाला, त्यात कोणाचंही निदान असं उघड करायला बंदी आहे. आमच्या नवीन मुली येतात त्यांना मी कायद्याआधी 14 नंबर सांगते.

अमळनेरची लेक

ताई... काय लिहू. एवढं मोकळं सांगितलंत.

तात्या एरंडोल

ताई, मी जरा तोडून बोललो. राग वडिलांच्या हाताचा होता, निळा पडलेला पंधरा दिवस तसाच होता. फडक्याचं लक्षात ठेवीन.

भुसावळ जंक्शन

जेवणाबद्दल कोणी लिहीना. आमच्या काकांना ॲडमिट केलं तेव्हा काकूने बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, डबाभर. शेजारच्या खाटेवर एक एकटे बाबा होते, डबा आणणारं कोणी नाही. काकू त्यांना वाढायला निघाली तर सिस्टरने हात धरला, म्हणाल्या, "काकू, यांना विचारल्याशिवाय आणि मला विचारल्याशिवाय नाही." बाबांना किडनीचा त्रास होता, मीठ बंद. मग सिस्टरनी स्वतः जाऊन बाबांना समजावलं, का नाही ते सांगितलं, आणि काकूला म्हणाल्या उद्या बिनमिठाचं थोडं आणा. काकूने खरंच आणलं. बिनमिठाचं भरीत! काकू आजही सांगते की तेवढं वाईट भरीत तिने जन्मात केलं नाही आणि बाबांनी बोटं चाटून खाल्लं.

कळण्याची भाकरी

बामणोदची वांगी हिवाळ्यातच. तुमचे काका थंडीत ॲडमिट होते म्हणजे.

भुसावळ जंक्शन

हो, डिसेंबर. बरोबर ओळखलंत.

सातपुड्यातला मास्तर

धडगाव तालुक्यात आश्रमशाळेवर आहे. रेंज आली की लिहितोय, तुटलं तर समजून घ्या.

दहावीतला एक मुलगा, सिकलसेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडांत अशी कळ उठते की मोठा माणूस लोळतो. थंडी पडली, पाणी कमी प्यायलं गेलं की हमखास. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा मुलांत हा आजार बराच. 2023 च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, तेव्हापासून तपासणी वाढलीय.

तर हा मुलगा जानेवारीच्या थंडीत रात्री विव्हळायला लागला. जीपने खाली सपाटीवरच्या एका दवाखान्यात नेलं. पायाला सूज नाही, ताप नाही, जखम नाही. सिस्टरने बघितलं आणि मला म्हणाली, "सर, परीक्षा जवळ आली की यांना असंच होतं." दुसरी म्हणाली, तोंडाचा वास घ्या. मुलाला मराठी कळत होतं. तो रडायचा थांबला. ओठ दाबून पडून राहिला, दोन तास. रडलं तर नाटक म्हणतील म्हणून.

पुढच्या वर्षी परत तेच झालं, या वेळी दुसरीकडे, ग्रामीण रुग्णालयात. तिथली सिस्टर कोल्हापूरकडची, बदली होऊन आलेली. तिला पावरी येत नव्हती, पण तिने औषधांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पावरी शब्द मराठी अक्षरांत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले होते. पाणी, दुखणं, डोकं, पोट, आई, थांब. वॉर्डातल्या कामवाल्या मावशीकडून शिकलेली. तिने मुलाला विचारलं, दहा बोटांपैकी किती दुखतंय? त्याने नऊ बोटं वर केली. तिने कागदावर 9 लिहिलं, वेळ लिहिली, डॉक्टरांना फोन लावला, घोंगडी दिली, सलाईन लावली, औषध दिलं. अर्ध्या तासाने परत येऊन विचारलं. सहा बोटं. परत लिहिलं. पहाटे तीन.

परत येताना जीपमध्ये तो म्हणाला, "सर, त्यांनी लिहून घेतलं." तो आता नंदुरबारला कॉलेजात आहे, लॅब टेक्निशियन व्हायचं म्हणतो.

अमळनेरची लेक

मास्तर, तो पुठ्ठा डोळ्यांसमोर आला.

रात्रपाळी

दुखणं मोजून लिहायचं असतं, ताप आणि नाडी लिहितो तसंच. मास्तर, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा, अजून तिथे असतील तर.

सातपुड्यातला मास्तर

बदली झाली हो. पुठ्ठा तिथेच आहे, नवीन आलेल्यांनी त्यात भर घातलीय.

पारोळेकर

सरकारी रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा फॉर्म देतात. सेवा कशी, स्वच्छता कशी, कर्मचाऱ्यांची वागणूक कशी. उत्तम, चांगली, ठीक, वाईट. वडिलांना दहा दिवसांनी सोडलं तेव्हा माझ्या हातात दिला. मी वडिलांना विचारलं, काय लिहू? रात्री लघवीला लागली तर दोनदोन तास कोणी यायचं नाही, त्यांनीच मला सांगितलं होतं. मी "ठीक"वर पेन टेकवला तर वडील म्हणाले, "बठ्ठं चांगलं लिखी दे रे भो. परत अठेच येनं पडी." फॉर्म घ्यायला सिस्टर समोरच उभ्या होत्या. मी सगळ्यावर "उत्तम" केलं आणि सही केली.

तो कागद नंतर कुठेतरी मोजला गेला असेल. आमचे वडील समाधानी रुग्णांत धरले गेले असतील. मला याचा फार त्रास होतो. ज्याला परत त्याच दारात जायचंय त्याच्याकडून खरं उत्तर हवं असेल तर निदान देणारा समोरून हलला पाहिजे, फॉर्म पेटीत टाकता आला पाहिजे. ज्या रात्रीच्या ब्रदरने एकदा स्वतः बेडपॅन दिलं आणि "बाबा, लाजू नका, मला आवाज द्या" म्हटलं त्याचं नाव लिहायला त्या फॉर्मवर जागाच नव्हती.

तापीकाठ

मेरा अस्पतालचा, म्हणजे सरकारच्या अभिप्राय सेवेचा, मेसेज येतो की मोबाइलवर. घरी गेल्यावर निवांत उत्तर देता येतं.

पारोळेकर

वडिलांचा नंबर दिलेला होता. त्यांचा साधा फोन, मेसेज वाचता येत नाहीत.

तापीकाठ

हं. तेही खरं.

शिरपूरकर

मी ब्रदर आहे, म्हणजे पुरुष परिचारक. पेशंटला पुरुष नर्स म्हटलं की आधी डोळे मोठे होतात, सवय झालीय.

आमच्याकडे एक आजी, कमरेचं इंजेक्शन. मला बघून त्यांनी चादर घट्ट धरली, तोंडाने काही बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा म्हणाला, "द्या हो तुम्ही, तिला काय कळतंय." मी ट्रे खाली ठेवला. मुलाला सांगितलं, इंजेक्शन आजींना आहे, त्यांनाच विचारू. आजींना विचारलं, बाई हवी का? त्यांनी मान हलवली. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात होत्या, वीस मिनिटं लागली. मुलगा चिडला, मी वेळ काढतोय असं बाहेर सांगत फिरला. बाईला पुरुषाने तपासायचं असेल तर दुसरी बाई हजर असावी हे रुग्णहक्कांच्या सनदेतच आहे, पण ते त्याच्या तोंडावर फेकण्यात मला रस नव्हता.

चौथ्या दिवशी आजींनी मलाच हाक मारली. म्हणाल्या, पोरा, तूच दे, तुझा हात हलका दिसतो. का बदललं त्यांचं मन ते मी विचारलं नाही.

कळण्याची भाकरी

माझा मुलगा याला जाऊ का विचारतोय, नर्सिंगला. घरात सगळे नाक मुरडतात. दादा, मुलांना नोकऱ्या मिळतात का?

शिरपूरकर

ताई मिळतात. मेसेज करतो सविस्तर. आयसीयू, डायलिसिस, ॲम्ब्युलन्स, सगळीकडे लागतात मुलं. येऊ द्या त्याला.

पांझरा

2020 चा सप्टेंबर, धुळे. आई कोविड वॉर्डात, आम्ही गेटच्या बाहेर. आत सगळे पांढऱ्या सूटमध्ये, कोण सिस्टर कोण डॉक्टर कळायचं नाही. एका सिस्टरने छातीवर स्केचपेनने मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं होतं. आईला अक्षरं यायची, तिने ते वाचलं आणि त्या नावाने हाक मारायला लागली.

त्यांनी संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्यायचं ठरवलं. पण सरळ फोन तोंडासमोर धरला नाही. आधी आईला विचारलं, "मावशी, तुमच्या मुलाशी बोलायचं का आता?" आई म्हणाली, थांब, माझे केस बघ कसे झालेत. ऑक्सिजनचा मास्क, आठ दिवस विंचरलेलं नाही. सिस्टरनी हातात दोन दोन ग्लोव्हज घातलेले असताना तिची वेणी घातली. मग फोन लावला. मला तेव्हा कळलं नव्हतं फोन उशिरा का आला, मी उलट चिडलोच होतो. शेजारच्या खाटेवरच्या ताई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं.

आई त्यानंतर तीन दिवसांनी गेली. माझ्याकडे त्या कॉलचा एक स्क्रीनशॉट आहे. वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली आहे.

अमळनेरची लेक

दादा...

भुसावळ जंक्शन

काही बोलता येत नाही. नमस्कार त्या सिस्टरांना.

चाळीसगाव रोड

आमचं उलट झालं, त्याच काळात. एका खाजगीत काका गेले आणि पावणेदोन लाख भरेपर्यंत बॉडी देईनात. रात्रभर. त्यात सिस्टर बिचारी मधल्यामध्ये, आम्ही तिच्यावरच ओरडलो. तिच्या हातात काहीच नव्हतं हे आता कळतं.

फेरफार

असं अडवता येत नाही. 2021 च्या जानेवारीत महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम आले, त्यात बिल बाकी आहे म्हणून मृतदेह रोखायचा नाही असं स्पष्ट आहे. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायचीही सक्ती आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात शिराल तेव्हा रिसेप्शनजवळची भिंत बघा. सगळ्यांनीच बघा.

तात्या एरंडोल

आमच्या इथे त्या जागी कॅलेंडर आहे.

चाळीसगाव रोड

फेरफार, केसपेपरची झेरॉक्स देतात का? विम्याला लागतेय, उद्या या उद्या या चाललंय.

फेरफार

देतात, द्यावीच लागते. लेखी अर्ज करा, पोच घ्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केलेल्या 17 हक्कांच्या सनदेत दाखल असताना 24 तासांत आणि डिस्चार्जनंतर 72 तासांत असं आहे. झेरॉक्सचा खर्च आपला. तोंडी मागू नका, तोंडी मागितलं की उद्या या.

चाळीसगाव रोड

आभारी आहे. उद्याच जातो.

केळीबाग

उशिरा आलो, केळीला पाणी सोडलंय. आमची काकू परिचारिका होती, निवृत्त झाली. एका मेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी तिला भिंतीवर ढकललं होतं, मनगट मोडलं. 2010 पासून कायदा आहे, दवाखान्यातल्या माणसांवर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद. काकूने तक्रार केली नाही. म्हणाली, त्यांचा मुलगा गेला होता, 19 वर्षांचा. आम्ही घरचे तिच्यावर चिडलो, अजून चिडतो. पेशंटच्या हक्काचा धागा आहे म्हणून विषय सोडून लिहितोय का माहीत नाही. पण तिचं मनगट अजून वळत नाही, खापरावरचे मांडे करता येत नाहीत तिला, आणि आमच्याकडे तिच्याइतके पातळ कोणाचे होत नसत.

रात्रपाळी

विषय सोडून नाही दादा. काकूंना सांगा एका सिस्टरने विचारपूस केलीय.

अमळनेरची लेक

सकाळपासून तीनदा वाचला धागा. भाची आज सुट्टीला आलीय माझ्याकडे, तिला मोठ्याने वाचून दाखवला. 14 नंबरपाशी तिने वही काढली.

रात्रपाळी ताई, तिचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत टाइप करते: "मॅडम, पुढच्या महिन्यात आम्हाला वॉर्ड पोस्टिंग आहे. फिमेल वॉर्डमध्ये पडदा फाटलेला आहे असं सीनियर सांगतात. कॅथेटर (लघवीची नळी) केअर करायची असेल आणि फिरता पडदा पण नसेल तर काय करायचं?"

रात्रपाळी

बाळा, छान विचारलंस. कपड्यांना लावायचे चार चिमटे एप्रनच्या खिशात ठेव, लाकडी नको, स्प्रिंगचे घट्ट घे. सलाईनचे दोन स्टँड खाटेच्या दोन्ही बाजूंना ओढायचे, चाकं लॉक करायची, त्यावर चादर, वर चिमटे. स्टँड एकच असेल तर दुसरं टोक खिडकीच्या गजाला. तुझ्या आजीच्या सिस्टरने केलं तसंच.

भेटायची वेळ संपल्यावर कर, घाई नसेल तर. पुरुषांना बाहेर काढताना "सगळे बाहेर व्हा" म्हणून ओरडू नको, एकेकाला सांग, जातात. पेशंटच्या जवळच्या एका बाईला तिच्या डोक्याशी उभं कर, पायाशी नाही. मग पेशंटला सांग काय करणार आहेस. तिच्याकडे बघून सांग, ट्रेकडे बघून नाही. लागेल तेवढंच उघड, बाकी अंगावर दुसरी चादर राहू दे. पाणी हातावर बघून घे, थंड नको.

आणि ती हो म्हणेपर्यंत थांब. कधी कधी आपल्याकडच्या बाया तोंडाने हो म्हणत नाहीत. तोंडावरचा पदर काढला का ते बघ.

अमळनेरची लेक

लिहून घेतलं तिने. चिमटे माझ्या दोरीवरचेच काढून घेऊन गेली.